तरंगती घोडी आणि तिचा अडसर

तंतुवाद्यातील घोडीकडे दोन कामे असतात. तारेच्या कंपन पावणाऱ्या लांबीची एक सीमा ती ठरविते, आणि तारेचे कंपन वाद्याच्या अंगात पोहोचविते. ही दोन्ही कामे चालू असताना तिने स्वतः स्थिर राहावे, ही अपेक्षा इतकी स्वाभाविक आहे की तिचा उल्लेखही सहसा होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून वाद्यनिर्मितीची जी परंपरा सुरू झाली, तिच्यातील सतार व तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांत घोडीच्या पृष्ठभागाला जवारीसाठी किती सूक्ष्म संस्कार दिला जातो हे सर्वविदित आहे. परंतु तो सारा संस्कार घोडी जागची हलणार नाही या गृहीतावर उभा असतो. इलेक्ट्रिक गिटारच्या एका प्रकारात हेच गृहीत बुद्ध्या सोडून दिलेले आहे. त्याचा परिणाम काय होतो, आणि अशा घोडीला अडसर बसविल्याने काय साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकेतील फुलर्टन येथील लिओ फेंडर यांनी १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची गिटार बाजारात आणली. तिच्या घोडीच्या रचनेचे पेटंट त्यांना १९५६ साली मिळाले. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेचे कंपन चुंबकीय ग्राहक टिपतो. लाकडी अंगाने नाद वाढविण्याची गरज उरत नाही. त्यामुळे घोडी अंगाशी घट्ट जखडून ठेवण्याचे एक कारण नाहीसे झाले. फेंडर यांनी घोडीची धातूची पट्टी पुढच्या कडेवर सहा स्क्रूंशी टेकविली. पट्टीखाली एक जड ठोकळा असून तो वाद्याच्या पोटातील पोकळीत उतरतो. ठोकळ्याच्या खालच्या टोकाला तीन ते पाच स्प्रिंगा अडकविलेल्या असतात, आणि त्यांची दुसरी टोके मानेच्या बाजूस लाकडात स्क्रूंनी बसविलेल्या पंजाला जोडलेली असतात. घोडीला लावलेली दांडी दाबली की पट्टी पुढे झुकते, तारा सैल होतात व स्वर उतरतो. दांडी वर ओढली की स्वर चढतो. या योजनेला निर्मात्याने ‘ट्रेमोलो’ असे नाव दिले. ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे, कारण ट्रेमोलो म्हणजे नादाच्या लहानमोठेपणाचा कंप होय. येथे होतो तो स्वराच्या उंचीचा कंप, म्हणजे व्हायब्राटो.

अशी घोडी वस्तुतः एक तराजू आहे. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्यात स्प्रिंगांचा ओढा, आणि मध्ये टेकलेली कड. मध्यम जाडीच्या सहा तारा प्रचलित स्वरांत लावल्या असता त्यांचा एकूण ताण सुमारे ४५ ते ४७ किलोग्रॅम भरतो. म्हणजे प्रत्येक तारेवर सरासरी साडेसात किलोग्रॅम. स्प्रिंगांची तरफभुजा तारांच्या भुजेहून लांब असल्यामुळे कमी ओढ्यानेही त्या हा ताण तोलून धरतात. परंतु तराजूचा धर्म असा की एका पारड्यातील किंचित बदल सबंध दांडीला कळतो. स्थिर घोडीवर प्रत्येक तार इतर तारांपासून स्वतंत्र असते. तरंगत्या घोडीवर सहाही तारा एकमेकींच्या ऋणाईत होतात.

हे परस्परावलंबन किती आहे, ते साध्या गणिताने पाहता येते. तिसरी तार सुमारे ०.४३ मिलिमीटर व्यासाची सलग पोलादी तार असते. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.१४५ चौरस मिलिमीटर होते. पोलादाची प्रत्यास्थता दर चौरस मिलिमीटरला सुमारे २०,००० किलोग्रॅम आणि तारेची एकूण लांबी ८०० मिलिमीटर धरली, तर ती एक मिलिमीटर ताणण्यास सुमारे ३.६ किलोग्रॅम ताण वाढवावा लागतो. आता तारेचा ताण तिच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ८१/८० या गुणोत्तराएवढा, म्हणजे सव्वा टक्का, स्वर उतरावयास ताण अडीच टक्के कमी व्हावा लागतो. साडेसात किलोग्रॅमचे अडीच टक्के म्हणजे सुमारे १९० ग्रॅम. आणि तेवढा ताण उतरण्यास घोडी केवळ ०.०५ मिलिमीटर पुढे सरकली तरी पुरे. हे अंतर कागदाच्या एका पानाच्या जाडीहून कमी आहे.

८१/८० हे गुणोत्तर येथे सहज निवडलेले नाही. नाट्यशास्त्रात भरताने दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे. दोन्ही वीणा सारख्या लावून एक तशीच ठेवावयाची व दुसरीचे स्वर क्रमाक्रमाने उतरवावयाचे. ‘संगीतरत्नाकरा’त या वीणांना ध्रुववीणा व चलवीणा अशी नावे आहेत. षड्जग्रामातील पंचम मध्यमग्रामाच्या पंचमापर्यंत उतरविताना जे अंतर पडते ती प्रमाणश्रुती होय, आणि अनेक आधुनिक अभ्यासकांनी तिचे मान ८१/८० असे धरले आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बावीस श्रुतींची मांडणी अशाच गुणोत्तरांच्या आधारे केली. तात्पर्य, ज्या अंतरावर ग्रामभेद उभा राहतो, त्या अंतराएवढा फरक तरंगती घोडी डोळ्यांस न दिसता करू शकते.

ती तो प्रत्यक्षात करते का? मींड घेताना करते. समजा, गिटारवर राग वाजविणाऱ्याने तिसरी तार षड्जात लावून ती सतत झंकारत ठेवली आणि दुसऱ्या तारेवर पडद्यावरून तार आडवी ओढून एका स्वराची मींड घेतली. षड्जापासून शुद्ध ऋषभाचे गुणोत्तर ९/८ आहे. तेवढे चढण्यास ताण ८१/६४ पट, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी वाढला पाहिजे. ही वाढ जवळजवळ दोन किलोग्रॅम होते. सहा तारा व स्प्रिंगा मिळून घोडीस तारांच्या पातळीवर दर मिलिमीटरला २८ किलोग्रॅम विरोध करतात असे धरले, तर घोडी सुमारे ०.०७ मिलिमीटर पुढे झुकेल. तिसऱ्या तारेचा ताण त्यामुळे सुमारे २६० ग्रॅमने घटेल आणि षड्ज सुमारे पावणेदोन टक्के उतरेल. हे अंतर प्रमाणश्रुतीहून मोठे आहे. शिवाय घोडी झुकल्याने ओढलेल्या तारेचाही काही ताण वाया जातो, आणि अपेक्षित स्वर गाठण्यास बोटाला अधिक ओढावे लागते. सतारीवर हाच प्रयोग पंचमापर्यंतच्या मींडेनेही चिकारी बेसूर करीत नाही, कारण तेथे तारा ज्या आधाराला बांधल्या आहेत तो आपली जागा सोडत नाही.

ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर हिंदुस्थानी संगीत वाजविले. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांची गिटार शिवकुमार शर्मांच्या संतूरबरोबर व हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीबरोबर ऐकू येते. पुढे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा त्याच मार्गाने गेली. या वादकांपुढे प्रस्तुत अडचण उभी राहिली नाही, याचे कारण त्यांच्या पद्धतीत तारेवरून धातूची कांडी सरकते. तेथे मींड तारेची लांबी बदलून येते, ताण वाढवून नव्हे. ज्याला पडद्यांच्या गिटारवर तार ओढून मींड घ्यावयाची आहे, त्याच्यापुढे मात्र घोडीचा प्रश्न टाळता येत नाही.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. वाशीम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावातील एखाद्या विद्यार्थ्याचे उदाहरण कल्पावे. स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवरील स्वस्त गिटारींना बहुधा ही घोडी जोडलेलीच असते. घेणाऱ्याने ती निवडलेली नसते. तो तंबोऱ्याच्या साथीने रियाझ करतो, आणि मींड घेताच षड्ज डगमगतो. ऐकणारा म्हणतो, मुलाचा कान कच्चा आहे. दोष कानाचा नसून घोडीचा आहे, हे सांगणारा कारागीर जवळपास असेलच असे नाही. कार्यक्रमात एखादी तार तुटली तर अवस्था अधिक बिकट होते. साडेसात किलोग्रॅमचा भार एकाएकी नाहीसा होऊन स्प्रिंगा घोडी मागे खेचतात, आणि वरील गणितानेच पाहिले तर उरलेल्या तारांतील काही एका अर्धस्वराहूनही अधिक चढतात. एक तार गेल्याने सहाही तारा निरुपयोगी ठरतात. ही अडचण स्वतः फेंडर यांनाही मान्य असावी. कारण १९५८ साली त्यांनी काढलेल्या ‘जॅझमास्टर’ या गिटारच्या निराळ्या कंपयोजनेत, तार तुटली असता उरलेल्या तारा स्वरात राहाव्यात म्हणून एक अडसराची कळ बसविलेली होती.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. फ्लॉइड रोज यांच्या १९७९ सालच्या पेटंटमुळे प्रसिद्ध झालेल्या योजनेत मानेच्या टोकाशी तारा चिमट्यात जखडल्या जातात. ते बंधन तारांचे आहे, घोडीचे नव्हे. दांडी वापरल्यावर तारा मूळ स्वरावर परत याव्यात यासाठी ते उपयुक्त आहे. परंतु मींडेने षड्ज उतरण्याचा दोष त्याने जात नाही, कारण घोडी तरंगतीच राहते.

घोडीच्या अडसराचे दोन मुख्य प्रकार संभवतात. पहिला पूर्ण अडसर. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांस, मानेकडील व शेपटाकडील पोकळीत, कठीण लाकडाचे तुकडे घट्ट बसविले की घोडी स्थिर होते व दांडी निकामी ठरते. एरिक क्लॅप्टन यांच्या नावाने १९८८ साली निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये घोडी अशीच लाकडी ठोकळ्याने अडविलेली होती. दुसरा प्रकार एकमार्गी अडसराचा. यात तुकडा केवळ मानेच्या अंगास ठेवतात. त्यामुळे स्वर चढविण्याच्या दिशेने घोडी हलत नाही, तार तुटली तरी उरलेल्या तारा चढत नाहीत. उतरविण्याच्या दिशेने मात्र दांडी मोकळी राहते. परंतु मींडेचा ओढा घोडीला याच मोकळ्या दिशेने नेतो, हे विसरता कामा नये. म्हणून एकमार्गी अडसर नुसता बसवून भागत नाही. स्प्रिंगा समतोलास लागणाऱ्या ताणाहून अधिक आवळून ठोकळा लाकडावर दाबून धरावा लागतो, आणि हा वाढीव दाब तारांच्या पातळीवर मींडेच्या दोन किलोग्रॅमांहून जास्त असावा लागतो. तसे झाले तरच मींड घोडीला हलवू शकत नाही. याचे मोल म्हणून दांडी दाबताना आरंभी अधिक जोर लागतो. याखेरीज पंजाच्या जागी सळई व बोटाने फिरविण्याचे स्क्रू असलेले ‘ट्रेमॉल-नो’ नावाचे उपकरणही मिळते. त्याने पूर्ण बंधन, एकमार्गी बंधन व मोकळेपणा या तिन्ही स्थिती वाद्य न कोरता साधता येतात.

लाकडी अडसर बसविण्याचा क्रम साधा आहे. प्रथम सहाही तारा स्वरात लावून घोडीची पट्टी अंगाशी समांतर आणावी. त्या स्थितीत ठोकळा व पोकळीची भिंत यांमधील अंतर मोजावे. शिसवी किंवा सागवानाचा तुकडा त्या मापाहून केसभर जाड ठेवून, मग कानशीने उतरवीत नेमक्या जाडीस आणावा. तो ठोकून बसवू नये, कारण तशाने घोडीची स्थिती बदलते व पट्ट्यांवरील तारांची उंचीही बिघडते. तारा व स्प्रिंगा किंचित सैल करून तुकडा सरकवावा, आणि पंजाचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे व सारखे आवळावेत. परीक्षा कानानेच करावी. १९६ कंपनसंख्येची तिसरी तार त्याच स्वरातील तंबोऱ्याशी मिळवून झंकारत ठेवावी व शेजारची तार ओढावी. षड्ज एक प्रमाणश्रुती उतरला तर दर सेकंदास सुमारे अडीच विस्पंद ऐकू येतील. स्क्रू आवळीत गेल्यावर हे डोलणे मंदावते आणि शेवटी थांबते. तेथे काम पुरे झाले असे समजावे.

अडसराची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. वऱ्हाडात उन्हाळ्याची दुपार व रात्र यांच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक धरला, तर ८०० मिलिमीटर पोलादी तार सुमारे ०.१४ मिलिमीटर प्रसरण पावते. लाकूड आपल्या रेषांच्या दिशेने त्याच्या सुमारे एक तृतीयांशच वाढते. उरलेला ०.१ मिलिमीटर फरक तिसऱ्या तारेस दोन प्रमाणश्रुती उतरविण्यास पुरेसा आहे. तरंगत्या घोडीत स्प्रिंगा घोडी मागे खेचून या घटीचा काही भाग भरून काढतात; अडविलेल्या घोडीत ती सोय राहत नाही. म्हणून अशा वाद्याच्या खुंट्या बैठकीच्या जागीच, हवेशी तार सरावल्यावर मिळवाव्यात.

तरंगती घोडी सदोष आहे, असा याचा अर्थ नाही. सहाही स्वर एकदम डोलविण्यासाठी ती निर्माण झाली आणि ते काम ती उत्तम करते. परंतु श्रुतिप्रयोगासाठी भरताने एक वीणा अचल राखली होती, कारण चल स्वराचे माप घेण्यास अचल स्वर लागतो. तरंगत्या घोडीवर सहाही तारा चल होतात व ध्रुव म्हणावी अशी एकही उरत नाही. मींड ज्या षड्जाशी ताडून पाहावयाची, तो षड्ज मींडेबरोबर सरकू नये, एवढीच अडसराची मागणी आहे. आणि ती पुरी करण्यास लाकडाचा एक तुकडा व दोन स्क्रूंचे काही वेढे पुरेसे होतात.