दुकानदाराची खरेदी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घाटाच्या पायथ्याशी कात्रज वसले आहे. पूर्वीचे हे खेडे आता पुणे शहराचा भाग झाले असून वस्तीबरोबर तेथे किराणा मालाची दुकानेही वाढली आहेत. या दुकानांत डाळ, तांदूळ, साबण, वह्या असा नाना प्रकारचा माल असतो. तो दुकानदार कोठून आणतो? किती आणतो? आणि केव्हा आणतो?

धान्य व कडधान्ये यांचा मोठा घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भरतो. दुकानदार तेथे जाऊन मालाचा नमुना तळहातावर घेऊन पारखतो, दोनचार पेढ्यांवर भाव विचारतो आणि मगच पोती टेम्पोत चढवतो. साबण, बिस्किटे असा कारखान्यातील माल वितरकाचा माणूस दुकानावर पोचवतो. दूध मात्र रोजच्या रोज घ्यावे लागते. नासणारा माल दिवसापुरता व टिकणारा माल काही आठवड्यांपुरता घ्यावा, हा खरेदीचा पहिला नियम होय.

दुसरा नियम भांडवलाचा. समजा, दुकानदाराने ४०,००० रुपयांचा माल घेतला व तो शेकडा ५ नफ्याने महिन्याभरात विकला, तर त्याला २,००० रुपये सुटतील. तेच भांडवल महिन्यातून दोनदा फिरले, तर ४,००० रुपये सुटतील. फळीवर पडून राहिलेला माल आणि गिऱ्हाइकाकडे थकलेली उधारी यांत पैसा अडकतो. मग नवी खरेदी कशाने करावी?

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बदलत्या भावाचा अंदाज. अवर्षणामुळे पीक घटले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला सुमारे २०० रुपयांपर्यंत चढली. अशा वेळी साठा करण्याचा मोह होतो. परंतु सरकारने साठ्यावर मर्यादा घातली व परदेशांतून डाळ आणली. पुढील वर्षी पाऊस चांगला झाला. शेतकऱ्यांनी तूरही अधिक पेरली. तेव्हा २०१७ च्या आरंभी बाजारात तूर क्विंटलला ५,०५० रुपये या हमीभावाच्याही खाली उतरली. तिचा फटका शेतकऱ्याला बसला. चढ्या भावाने घेतलेली डाळ ज्याच्याकडे शिल्लक राहिली, त्यालाही तोटा सोसणे भाग होते.

म्हणून फार साठवू नये. पण फळी रिकामीही ठेवू नये, कारण एकदा विन्मुख गेलेले गिऱ्हाईक दुसरे दुकान शोधते. मोठी दुकाने थेट कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर माल घेतात, त्यामुळे तो त्यांना स्वस्त पडतो. लहान दुकानदाराजवळ तेवढे बळ नसते. परंतु जूनमध्ये वह्या किती लागतील, दिवाळीला रवा व बेसन किती खपेल, हे त्याला आपल्या आळीच्या ओळखीने ठाऊक असते. ही ओळख आणि चोख हिशेब यांवरच त्याचे दुकान उभे असते.