मूल एकाएकी बदललं? आधी औषधं पाहा

चौथीतला एक मुलगा. अभ्यासात बेताचा, पण स्वभावाने शांत. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र शाळेत आला तो वेगळाच. शेजारच्याला ढकलायचा, वही फाडायचा, साधं विचारलं तरी रडायचा. त्याच्या अम्मीला बोलावलं तर तिचेच डोळे भरून आले.

"मॅडम, रात्री ओरडत उठतो. लहान बहिणीवर हात उगारतो. दादीने नजर उतरवली, ताविज बांधला. त्याच्या अब्बूंनी दोनदा मारलंही. काही फरक नाही."

"काही औषध चालू आहे का?" मी विचारलं.

"फक्त खोकल्याची गोळी. रोज रात्री."

दुसऱ्या दिवशी ती गोळ्यांची पट्टी घेऊन आली. त्यावर मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिन अशी नावं होती. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी जुनी चिठ्ठी दाखवून तीन महिने आणली जात होती.

बोईसर-तारापूरच्या घरांत ही गोळी अनोळखी नाही. कारखान्यांचा धूर, रसायनांचा वास, पावसाळ्यातली ओल, त्यामुळे मुलांचा खोकला हटत नाही. मॉन्टेलुकास्ट दमा आणि अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर देतात. श्वासनलिका आवळणाऱ्या ल्युकोट्राईन या घटकाचा परिणाम ती रोखते. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण काहींना वाईट स्वप्नं पडतात, झोप उडते, चिडचिड आणि मारकुटेपणा वाढतो, उदासी येते; क्वचित स्वतःला संपवण्याचे विचारही येतात. म्हणूनच मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. साध्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीसाठी आधी दुसरे उपाय करून पाहावेत, असंही सांगितलं.

असं करणारं हे एकच औषध नाही. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडने काहींची झोप उडते, मन अस्थिर होतं. फिट्सवरच्या लेव्हेटिरासेटामने राग वाढू शकतो. कंपवातावरच्या प्रॅमिपेक्सोलमुळे काही वयस्क माणसांना जुगाराची किंवा वारेमाप खरेदीची ओढ लागते. घरचे म्हणतात, म्हातारपणी बुद्धी फिरली!

मग काय करावं? औषध कधी सुरू झालं आणि वागणं कधी बदललं, या दोन तारखा कागदावर लिहा. तो कागद आणि पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. फिट्सचं औषध एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, स्टेरॉइडही हळूहळू कमी करावं लागतं. मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोललं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषधाचा त्रास आपणही सरकारला कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाचा मोफत क्रमांक 1800-180-3024 आहे.

प्रत्येक हट्टामागे गोळी असते असं नाही. पण विचारायला काय जातं?

त्या मुलाची गोळी डॉक्टरांनी बंद करून दुसरा उपाय दिला. काही आठवड्यांत तो निवळला. पालकसभेला त्याचे अब्बू कंपनीतली पाळी संपवून थेट आले होते. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, मी त्याला उगाच मारलं."

मी म्हटलं, "हे मला नको, त्याला सांगा."