चकती तपासणी, संगणकाची

संगणक सुरू होताना त्याच्या हार्ड डिस्कवरील, म्हणजे साठवण-चकतीवरील, फाइल व्यवस्थेच्या नोंदी परस्परांशी जुळतात की नाही हे पडताळण्याच्या क्रियेस चकती तपासणी म्हणतात. वीज अचानक गेल्यानंतर अशी तपासणी एकदा होणे स्वाभाविक असते. मात्र गृहसंगणकात ती दर प्रारंभी होऊ लागल्यास ते न सुटलेल्या दोषाचे लक्षण समजावे. कुटुंबाची छायाचित्रे, हिशेब, कागदपत्रे इत्यादींची एकमेव प्रत पुष्कळदा याच चकतीवर असल्याने या लक्षणाची उपेक्षा महाग पडू शकते.

कार्यपद्धती : चकतीवर प्रत्यक्ष मजकुराखेरीज कोणती फाइल कोठे आहे, कोणती जागा मोकळी आहे इ. नोंदी असतात. एक फाइल लिहिताना अशा अनेक नोंदी बदलाव्या लागतात व त्यात खंड पडल्यास काही नव्या, तर काही जुन्या राहतात. १९९३ मध्ये विंडोज एनटी प्रणालीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइल व्यवस्थेत या नोंदींतील बदल आधी रोजकीर्दीसारख्या एका वहीत टिपले जातात. त्यामुळे अर्धवट राहिलेले बदल पुढील प्रारंभी बहुधा आपोआप पुरे अथवा रद्द होतात. तरीही विसंगती आढळल्यास प्रणाली चकतीच्या त्या विभागावर एका बिटाची खूण करते. प्रारंभी ऑटोचेक हा कार्यक्रम ही खूण पाहतो आणि काही सेकंदांची मुदत देऊन तपासणी सुरू करतो. तपासणी यशस्वीपणे पुरी झाली, तरच खूण पुसली जाते. कळ दाबून तपासणी टाळल्यास खूण कायम राहते व तीच सूचना पुन्हा येते.

कारणे : तपासणी वारंवार टाळणे वा अर्धवट सोडणे आणि संगणक रीतसर बंद न करता वीज तोडणे ही सर्वांत साधी कारणे होत. चकतीवरील निकामी क्षेत्रे, सैल जोडतार, सदोष वीजपुरवठा-संच किंवा सदोष रॅम यांमुळे मात्र दुरुस्तीनंतरही नव्या विसंगती निर्माण होत राहतात. लिनक्स प्रणालीत कारण निराळेही असू शकते. मुख्य फलकावरील घड्याळाची लहान बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते, चकतीवरील अखेरच्या वापराची वेळ भविष्यातील दिसते आणि त्यामुळे तपासणी सुरू होऊ शकते. तेथे बॅटरी बदलणे हाच उपाय होय.

निदान व उपाय : प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर घ्यावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण दुरुस्तीचा कार्यक्रम फाइल व्यवस्था सुसंगत करतो. प्रत्येक फाइल वाचविण्याची हमी तो देत नाही. विंडोजमध्ये ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी’ या आज्ञेने कोणत्या विभागावर खूण आहे ते कळते. त्यानंतर ‘चेकडिस्क’ ही आज्ञा ‘एफ’ या पर्यायासह देऊन तपासणी मध्ये न थांबविता पुरी होऊ द्यावी. ‘आर’ या पर्यायाने संपूर्ण चकती वाचून निकामी क्षेत्रे शोधली जातात. यास कित्येक तास लागू शकतात व मोडकळीस आलेल्या चकतीवर त्याचा ताण पडतो, म्हणून प्रत घेतल्याखेरीज तो वापरू नये. खूण परत आल्यास चकतीची स्मार्ट ही स्व-परीक्षण नोंद पाहावी, जोडतार बदलून पाहावी व रॅमची चाचणी घ्यावी. निकामी क्षेत्रांची संख्या वाढत असल्यास चकती बदलणेच श्रेयस्कर ठरते.

‘चेकएनटीएफएस’ या आज्ञेच्या ‘एक्स’ पर्यायाने प्रारंभीची तपासणी बंद करता येते. परंतु त्यामुळे खूण पुसली जात नाही व मूळ दोषही जात नाही. केवळ इशारा दिसेनासा होतो. म्हणून कारण सापडेपर्यंत हा मार्ग टाळणे इष्ट होय.