ज्यानं निविदाच भरली नाही, त्याचा काय हक्क?

मागच्या सत्रानंतर एका श्रोत्यांनी चिठ्ठी दिली होती. त्यांचं म्हणणं असं की, सरकारनं कोणाकडून काय विकत घ्यावं हा सरकारचा व्यवहार आहे, त्यात कोर्टाचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आज तिथूनच सुरुवात करू.

तुम्ही घर रंगवायला काढलंत, चार रंगाऱ्यांकडून दर मागवले आणि शेवटी पाचव्यालाच, मेव्हण्याच्या ओळखीतल्याला, काम दिलंत. कोणी तुम्हाला कोर्टात खेचणार नाही. पैसा तुमचा, भिंत तुमची. सरकारचं तसं नाही. पैसा त्याचा नाही, आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ नं त्याला सर्वांना समान वागवण्याचं बंधन घातलेलं आहे. हे बंधन कायदे करतानाच नाही, तर कंत्राट देतानाही लागू होतं का? याचं ठाम उत्तर मिळालं ते मुंबई विमानतळावरच्या एका उपाहारगृहाच्या भांडणातून.

जानेवारी १९७७. विमानतळ प्राधिकरणानं एक द्वितीय श्रेणीचं रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्यासाठी निविदा मागवल्या. मुदत तीन वर्षं. अट अशी : निविदा भरणारा किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा. सर्वांत जास्त बोली आली महिना ६,६६६ रुपये ६६ पैशांची. ती लावणाऱ्याला कॅन्टीन चालवण्याचा अनुभव होता, पण द्वितीय श्रेणीचं हॉटेल त्यानं चालवलेलं नव्हतं. तरी प्राधिकरणानं काम त्यालाच दिलं. (इथे सरकार विकत घेत नव्हतं, जागा चालवायला देत होतं. पण नियम दोन्हीकडे तोच, हे पुढे निकालातूनच स्पष्ट होतं.)

आता गंमत बघा. कोर्टात जो गेला, त्यानं निविदा भरलीच नव्हती! त्याचा मुद्दा इतकाच : ही अट शिथिल होणार आहे हे मला कळलं असतं, तर मीही भरली असती. ऐकायला हे आगंतुकाचं बोलणं वाटतं ना? सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९७९ मध्ये, रमणा दयाराम शेट्टी खटल्यात, हा मुद्दा मान्य केला. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात म्हटलं ते थोडक्यात असं : प्राधिकरण हे ‘राज्य’ आहे, आणि राज्यानं स्वतः घालून दिलेली कसोटी त्याला स्वतःलाही पाळावी लागते. अट ही कागदावरची शोभा नव्हे. ती वाचून कितीतरी लोक घरी बसले असतील. ऐनवेळी ती मोडली की त्या न दिसणाऱ्या माणसांना समान संधी नाकारली जाते.

माझ्या मते निविदा कायद्याचं सगळं सार या न दिसणाऱ्या माणसात आहे. आपण नेहमी ‘सर्वांत कमी दर कोणाचा’ एवढंच बघतो. जाहिरात, मुदत, पात्रतेच्या अटी, तांत्रिक आणि आर्थिक लिफाफा वेगळा, बयाणा रक्कम, हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

पण त्या खटल्यात कंत्राट रद्द झालं का? नाही! तत्त्व मान्य झालं, पण अर्जदाराच्या हाती काही लागलं नाही. तो पाच महिन्यांहून अधिक उशिरा कोर्टात आला होता, तोवर दुसऱ्यानं सुमारे सव्वा लाख रुपये खर्चून काम उभं केलं होतं. शिवाय हा अर्जदार दुसऱ्या कोणासाठी तरी पुढे केलेला आहे, असंही न्यायालयाला वाटलं.

बरं, हे सगळं लिहिलंय कुठे? केंद्रात सरकारी खरेदीचा एकच असा सर्वसमावेशक कायदा आजही नाही. २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, पण ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. तामिळनाडूनं १९९८ मध्ये, कर्नाटकानं त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःचा कायदा केला. केंद्राचं काम चालतं ‘सामान्य वित्तीय नियम, २०१७’ वर, आणि नेहमीच्या वस्तूंसाठी जेम पोर्टलवर. आपल्याकडे महाराष्ट्रात उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानं खरेदीची नियमपुस्तिका आली. म्हणजे हे बहुतेक प्रशासकीय नियम आहेत, आणि त्यांना दात मिळतात ते अनुच्छेद १४ मुळे.

मात्र कोर्ट हे अपील कार्यालय नव्हे. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात (मुंबईसह चार महानगरांतल्या मोबाइल परवान्यांचं ते प्रकरण) न्यायालयानं सांगितलं की आम्ही निर्णय कसा घेतला ते तपासू, निर्णय शहाणपणाचा होता का ते नाही. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या खटल्यात तर पुढचं पाऊल आहे. अट होती मेट्रोच्या बांधकामाच्या अनुभवाची. एका संयुक्त उपक्रमाकडे अनुभव होता चीनमधल्या शहरांना जोडणाऱ्या वेगवान रेल्वेमार्गाचा. मेट्रो महामंडळानं त्यांना अपात्र ठरवलं, मुंबई उच्च न्यायालयानं पात्र ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं महामंडळाची बाजू घेतली. निविदा ज्यानं लिहिली, त्यालाच तिच्या शब्दांचा अर्थ चांगला कळतो, तो अर्थ दुष्ट हेतूनं किंवा विपरीत लावलेला नसेल तर आम्ही पडणार नाही, असं कोर्ट म्हणालं.

तुमच्या लक्षात आलं असेल, इथे एक ताण आहे. १९७९ मध्ये कोर्टानं अटीचा शब्द घट्ट धरला, २०१६ मध्ये अर्थ लावायचं काम खात्यावर सोडलं. अडलेले प्रकल्प आणि वाढणारा खर्च बघता दुसरी भूमिका मला समजते. पण एक भीती वाटते. अट लिहिणाराच तिचा अर्थ लावणार असेल, तर ती एखाद्याच्या मापानं बेतून शिवण्याचा मोह वाढतो. टर्नओव्हरचा आकडा थोडा वर नेला की तालुक्यातले निम्मे ठेकेदार आपोआप बाहेर.

(एका श्रोत्यांचा प्रश्न : मग लहान ठेकेदारानं करायचं काय?)

सांगतो. अट अन्यायाची वाटली तर लिफाफे उघडेपर्यंत थांबू नका. निविदापूर्व बैठकीला जा, हरकत लेखी द्या. खात्यानं अट बदलली तर शुद्धिपत्रक सगळ्यांसाठी निघतं, एकट्यापुरतं नाही. भरून हरल्यावर ‘अटच चुकीची होती’ म्हणणाऱ्याचं कोर्ट सहसा ऐकत नाही. आणि अट बाजूला सारून काम दिलं गेलं असेल, तर कागद गोळा करून लगेच उच्च न्यायालयात, अनुच्छेद २२६ खाली. समोरच्यानं भट्टी पेटवण्याच्या आत.