तिकीट कुणाच्या खिशातून?

सार्वजनिक पैसा : लेखांक ७

मागच्या लेखांकात मंत्र्यांच्या सरकारी बंगल्यांचा हिशेब पाहिला. बंगला एका जागी उभा असतो, त्यामुळे त्याचा खर्च मोजता येतो. प्रवासाचे तसे नसते. देशाचा नेता कुटुंबासह सुट्टीवर निघाला, की त्याच्याबरोबर अंगरक्षक निघतात, सरकारी विमान निघते आणि खासगी काय, सरकारी काय, याची सरमिसळ होते. मग वाद सुरू होतो : हा खर्च सरकारने करावा की नेत्याने? या वादात दोनच बाजू धरल्या जातात. पैसे देणारा तिसराही कुणी असू शकतो, हे आपण विसरतो. माझ्या मते सर्वांत मोठा धोका तिथेच आहे आणि नियम करताना आधी त्याचाच विचार व्हायला हवा.

कॅनडाचे उदाहरण घ्या. २०१६च्या डिसेंबरात तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रुडो कुटुंबासह बहामातील बेल बेटावर सुट्टीसाठी गेले. बेट आगाखान यांच्या मालकीचे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमुळे हे घराणे आपल्या ओळखीचे आहे. तो वाडा १९६९ साली भारताला देणारे चौथे आगाखान हेच. ट्रुडो नासाऊपर्यंत सरकारी विमानाने गेले आणि तिथून बेटावर आगाखान यांच्या खासगी हेलिकॉप्टरने. मंत्र्यांनी किंवा त्यांच्या कुटुंबीयांनी असा खासगी हवाई प्रवास अपवाद वगळता स्वीकारू नये, असे तिथला हितसंबंधविषयक कायदा सांगतो. नीतिमूल्य आयुक्त मेरी डॉसन यांनी २०१७च्या डिसेंबरात अहवाल दिला आणि ट्रुडो यांनी कायदा मोडल्याचा निष्कर्ष काढला. आगाखान आपल्या कुटुंबाचे जुने स्नेही आहेत, हा ट्रुडो यांचा बचाव टिकला नाही; शिवाय त्याच सुमारास आगाखान यांची संस्था कॅनडा सरकारकडून निधी घेत होती आणि सरकारदरबारी आपली बाजू मांडण्यासाठी तिची रीतसर नोंदही होती. सुरक्षेवर आणि सरकारी विमानावर झालेल्या खर्चाचा आकडा निदान जनतेला कळतो. स्नेह्याने केलेल्या पाहुणचाराची किंमत कोणत्याही बिलावर येत नाही, आणि तिची परतफेड कोणत्या निर्णयातून होईल, हेही कुणाला आधी कळत नाही.

म्हणून पहिला नियम हा, की तिसऱ्याने पैसे द्यायचेच नाहीत. उरलेल्या दोघांत वाटणी करताना मात्र बिल फोडून पाहावे लागते. त्यात निदान तीन रकमा असतात. पहिली सुरक्षेची. धोका पदामुळे आलेला असतो, तेव्हा ती सरकारचीच. दुसरी प्रत्येकाच्या आसनाची. सुट्टी खासगी असेल, तर नेहमीच्या विमानाचे जे भाडे पडले असते, ते नेत्याने स्वतःच्या आणि घरच्यांच्या नावे भरावे. तिसरी रक्कम या भाड्यातली आणि सरकारी विमानाच्या खऱ्या खर्चातली तफावत. कॅनडाच्या पंतप्रधानांना सुरक्षेसाठी सरकारी विमानानेच जावे लागते. पसंतीचा प्रश्न नसतो. जे नाकारण्याची मुभा नाही, त्याची पूर्ण किंमत वसूल करणे न्यायाचे नाही. तिथे खासगी प्रवासासाठी नेहमीच्या तिकिटाइतके पैसे परत भरण्याचा प्रघात आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

यावर रास्त आक्षेप असा : सामान्य नोकरदाराच्या बायको-मुलांचे तिकीट कोण काढते? नेत्याचेच का काढावे? उत्तर आपल्याच घरात आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला एलटीसी, म्हणजे रजा प्रवास सवलत, मिळते आणि तिच्यात कुटुंबही येते. पण ज्याचे मूळ गाव आणि नेमणुकीचे ठिकाण एकच आहे, त्याला गावी जाण्याची सवलत नाही. म्हणजे नोकरीमुळे घर दुरावले, तर ते अंतर भरून काढण्यास सरकार हातभार लावते. लोकप्रतिनिधीलाही हाच न्याय लागू होतो. ऑस्ट्रेलियात पर्थचा खासदार कॅनबेराला जातो, तेव्हा तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर जातो. त्याच्या कुटुंबाला भेटीसाठी मर्यादित सरकारी प्रवास मिळतो. तो बंद केला, तर तान्ह्या मुलाची आई किंवा जेमतेम मिळकतीचा माणूस राजकारणात टिकणार नाही. टिकेल तो ज्याच्या घरी आधीच पैसा आहे.

दुसरा आक्षेप गैरवापराचा, आणि तो अधिक वजनदार आहे. ऑस्ट्रेलियाने हे अनुभवले आहे. सभापती ब्रॉनविन बिशप यांनी मेलबर्नहून जिलाँगला, सुमारे ८० किलोमीटरवर, पक्षाच्या निधीसंकलनासाठी पाच हजारांहून अधिक डॉलर खर्चून सरकारी पैशाने हेलिकॉप्टर नेले आणि २०१५ साली त्यांना पद सोडावे लागले. पण त्या देशाने सवलतच मोडीत काढली नाही. २०१७ साली नवा कायदा केला, खर्च तपासणारी स्वतंत्र यंत्रणा उभारली. प्रवासाचा मुख्य हेतू संसदीय काम हाच हवा, नियमबाह्य रक्कम २५ टक्के दंडासह परत करावी आणि खर्चाचे तपशील वेळोवेळी प्रसिद्ध व्हावेत, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्याकडे उणीव आहे ती याच जागी. खासदाराला वर्षाला ३४ एकेरी विमानप्रवास मिळतात, त्यांत पती किंवा पत्नीला सोबत नेता येते; हे कायद्यात उघड लिहिलेले आहे आणि ते ठीकच. मात्र प्रत्यक्षात कोण, कशासाठी, किती खर्चाने गेले, हे बहुधा कुणी माहितीचा अधिकार वापरला तरच कळते. तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या परदेश दौऱ्यांवर २०५ कोटी रुपये खर्च झाल्याचे २०१२ साली असेच बाहेर आले. त्यातले १६९ कोटी विमानांचे होते. कुटुंबीय सोबत असल्याची टीका झाली. पण विमान राष्ट्रपतींसाठी जाणारच होते, मग नातलगांमुळे वाढलेला खर्च किती, हे त्या एकत्रित आकड्यावरून सांगता येत नव्हते. बिल फोडून दाखवले नाही, की प्रामाणिक माणूसही बदनाम होतो आणि अप्रामाणिकाला गर्दीत लपता येते. प्रवास संपल्यावर ठरावीक मुदतीत तिन्ही रकमा वेगवेगळ्या प्रसिद्ध कराव्यात, एवढे बंधन आपल्या कायद्यात घालायला हवे. नेत्याच्या मुलांनी आई-वडिलांबरोबर प्रवास करण्यात गैर काहीच नाही. त्यांच्या तिकिटामागे कुणाचे ऋण आहे, हे कळणे मात्र नागरिकांचा हक्क आहे.

(पुढील लेखांकात : माजी पदाधिकाऱ्यांची सुरक्षा)