अमोनाइटच्या तोंडातला घास

एका कॉलेजातला भूशास्त्र विभाग यंदा बंद झाला आणि कपाटातले कच्छचे अमोनाइट, म्हणजे नामशेष झालेल्या शंखधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, भंगारात गेले. ‘दगडच तर होते,’ असे उत्तर मिळाले. या दगडांना बोलते करायला किती काळ लागला, हे म्हणून सांगायचे.

एकोणिसावे शतक बारशांत गेले. जातींची नावे ढिगाने जमली, पण हा प्राणी खायचा काय, हे कोडेच राहिले. आपल्याकडे तर गंडकीतला अमोनाइट शाळिग्राम होऊन देवघरात बसला. त्याला नैवेद्य रोज मिळाला, आवडनिवड कोणी विचारली नाही.

रंगत आली ती आमच्या विद्यार्थिदशेत. अमोनाइटच्या शंखात सापडणाऱ्या जोडपट्ट्यांना, म्हणजे ॲप्टिकसला, तोवर बहुतेक जण शंखाचे झाकण समजत. हॅम्बुर्गचे उलरिश लेमान जीवाश्म थराथराने घासत, दर छेदाची नोंद ठेवत. १९६७ साली त्यांनी जबडे आणि रॅड्यूला, म्हणजे कानशीसारखी दातेरी जीभ, दाखवली. १९७२ मध्ये ॲप्टिकस हाही जबड्याचाच भाग असल्याचे मांडले. आम्ही मात्र पुढेही ‘झाकण’च घोकले, कारण पिवळ्या पडलेल्या नोट्स तेच सांगत. जबडा लिहिणाऱ्याचे गुण कापले गेले. तो राग अजून आहे. लेमान यांच्या काळाची एक गोष्ट मात्र हरवली: घासल्यावर उत्तर हाती येई, पण नमुना संपे. म्हणून दगडाला हात लावण्याआधी माणूस दहादा विचार करी.

नंतर थेट २०११. इझाबेल क्रुता, नील लँडमन आणि सहकाऱ्यांनी साउथ डकोटातले बॅक्युलाइट्स नावाचे अमोनाइट ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनमध्ये, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रात, न फोडता तपासले. एकाच्या तोंडात समुद्री गोगलगाईचे पिल्लू निघाले आणि तीन चिमुकले कवचधारी. त्यांतल्या एकाचे दोन तुकडे झालेले. म्हणजे हे अमोनाइट पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर, प्लवकांवर, जगत. साडेसहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी प्लवकांवर संकट आले तेव्हा त्यांची उपासमार झाली असावी, असा या संशोधकांचा तर्क आहे.

लेमान यांनी नमुने खर्ची घातले ते जाणून घेण्यासाठी. आम्ही ते काहीच न विचारता संपवतो. निदान बंद पडणाऱ्या विभागांचे नमुने विद्यापीठांनी ताब्यात घ्यावेत, आणि तेही चिठ्ठ्यांसकट. कुठल्या गावचा, कुठल्या थरातला हे पुसले गेले, की उद्याच्या यंत्राला त्याच्या तोंडातला घास दिसेल, पण तो कोणत्या काळातला हे सांगणे अवघड होईल.