जहाज बांधणारे हात आपले, आराखडा कुणाचा?

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत ठरलेली चर्चा सुरू होते. पोलीस भरती, स्पर्धा परीक्षा की नर्सिंग? गणित-विज्ञानात बरे गुण असतील तर कॉम्प्युटर इंजिनीअरिंग. पण जहाजाचे इंजिन चालवण्याचे आणि जहाजाचा आराखडा काढण्याचेही रीतसर शिक्षण असते, हे मुंबईसारखे बंदर दाराशी असून आपल्या किती घरांत माहीत आहे?

समुद्राशी आपले नाते नवे नाही. ते फक्त ओझी वाहण्याचे राहिले. माता रमाईचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहून संसार चालवत. मुंबईच्या गोदीत आपल्या माणसांनी पाठीची साल निघेपर्यंत माल उतरवला. दुसरीकडे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाने समुद्रप्रवास करणाऱ्या ब्राह्मणाला श्राद्धाच्या पंगतीतून बाद केले होते. पुढे बोटीवर अधिकारपद आणि मोठा पगार मिळू लागला तेव्हा हे पाप कुणाला आठवले नाही!

बाबासाहेब १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बोटीने न्यूयॉर्कला गेले. १९१७ मध्ये परतताना त्यांचे ग्रंथ ज्या बोटीवर होते ती युद्धात बुडवली गेली, तरी ते खचले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी पाणी आणि जलवाहतूक यांचा राष्ट्रीय पातळीवर विचार केला. १९४५ मध्ये जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला तो त्यांच्याच पुढाकाराने. त्यांचे अनुयायी मात्र अजून किनाऱ्यावरच उभे आहेत.

या क्षेत्रात दोन वाटा आहेत. मरीन इंजिनीअर बोटीवर राहून मुख्य इंजिन, जनित्रे, बॉयलर, पंप यांची जबाबदारी सांभाळतो. चार वर्षांची पदवी, बोटीवर सहा महिन्यांची उमेदवारी आणि मग नौवहन महासंचालनालयाची परीक्षा. पुढे परीक्षा देत देत तो चीफ इंजिनीअर होतो. मेकॅनिकल पदवीधरांसाठी जीएमई हा कमी मुदतीचा अभ्यासक्रम आहे. दुसरी वाट नेव्हल आर्किटेक्टची. जहाजाचा सांगाडा कसा असावा, भरलेले जहाज लाटेत कलले तर पुन्हा सरळ कसे होईल, किती इंधनात किती वेग मिळेल, हे तो ठरवतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेली विमानवाहू ‘विक्रांत’ भारतीय आराखड्यावर कोची येथे बांधली गेली. हे काम आपली पोरे करू शकणार नाहीत, असे कोण म्हणेल?

इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटी २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे. मरीन इंजिनीअरिंग मुंबईतही शिकता येते, जहाज-रचनेसाठी विशाखापट्टणमला जावे लागते. प्रवेश सामाईक परीक्षेने होतो. केंद्रीय शैक्षणिक संस्थांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि ओबीसींना २७ टक्के जागा राखीव आहेत. जहाज-रचनेची पदवी मद्रास आणि खरगपूर आयआयटीतही मिळते. दहावी-बारावीच्या इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नका, तिथेही किमान गुणांची अट असते. रंगांधळेपणा असेल तर बोटीवरची वाट बंद होते, म्हणून डोळ्यांची तपासणी आधी करून घ्या. मुलींनाही ही दारे उघडी आहेत.

एका सापळ्यापासून सावध राहा. ‘बोटीवर लावतो’ म्हणून लाखो रुपये उकळणारे एजंट गावोगाव फिरतात. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी श्रम करारानुसार नोकरी लावण्यासाठी खलाशी वा अधिकाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही. भरती करणाऱ्याकडे महासंचालनालयाचा परवाना हवा. तो न पाहता आईचे दागिने गहाण टाकू नका.

आता मुख्य मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचे पॅकेज मंजूर केले. पालघरच्या वाढवण बंदरावर ७६ हजार कोटींहून अधिक खर्च होणार आहे आणि तिथले मच्छीमार, आदिवासी आपल्या जगण्यासाठी लढत आहेत. या पैशातून खासगी कारखानदारीही पोसली जाईल आणि खासगी नोकरीत आरक्षण नाही! २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेले कलम १५(५) खासगी महाविद्यालयांत राखीव जागा ठेवण्याचा अधिकार सरकारला देते. केंद्राचा २००६ चा कायदा मात्र केंद्रीय संस्थांपाशीच थांबला.

पण एक हत्यार आपल्या हाती आहे आणि ते गंजत पडले आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ याचे कलम ३-अ. निर्धारित व्यवसायांतील शिकाऊ जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालक सरकारी की खासगी, असा भेद त्यात नाही. आपल्या आयटीआय झालेल्या वेल्डर-फिटर पोरांना हे कुणी सांगितले?

म्हणून कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि माहिती अधिकाराचे अर्ज टाकावेत. सरकारी गोदीला विचारा : शिकाऊ जागा किती, आपल्या किती भरल्या, डिझाइन विभागात आपले अधिकारी किती? खासगी गोदीबद्दल शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाला विचारा. उत्तर आले की आकडे घेऊन भांडा. आणि विहारातल्या अभ्यासिकेत सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचे माहितीपत्रक लावा.

पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची नातवंडे जहाजाचा नकाशा काढतील तेव्हाच या देशाच्या समुद्रावर आपलाही हक्क सिद्ध होईल. जयभीम!